चौकटीबाहेर राहिलेला माणूस : छायाचित्रांच्या काटछाटीची गोष्ट

१/२४
हवाना, ५ मार्च १९६०. आदल्याच दिवशी बंदरात 'ला कूब्र' नावाच्या फ्रेंच मालवाहू जहाजावर भीषण स्फोट झाला होता. जहाजात बेल्जियमहून आणलेला दारूगोळा होता. मृतांच्या अंत्ययात्रेनंतर शोकसभा भरली होती आणि व्यासपीठावरून फिडेल कॅस्ट्रो बोलत होते. गर्दीत 'रेव्होल्यूसिओन' या वृत्तपत्राचा छायाचित्रकार आल्बेर्तो कोर्डा लायका कॅमेरा घेऊन उभा होता. व्यासपीठाच्या कडेला काही क्षणांपुरता एक माणूस पुढे आला, त्याने समोरच्या जनसमुदायावर नजर फिरवली आणि तो मागे सरला. कोर्डाने तेवढ्यात दोन वेळा बटण दाबले. तो माणूस म्हणजे एकतीस वर्षांचा एर्नेस्तो चे गेव्हारा.

२/२४
त्या दोन छायाचित्रांपैकी एक उभे होते, एक आडवे. उभ्या चित्रात चेच्या खांद्यामागून दुसऱ्याच कुणाचे तरी डोके वर आले होते. ते चित्र बाद झाले. आडव्या चित्रात चे मधोमध होता, परंतु उजवीकडे ताडाच्या झावळ्या लोंबत होत्या आणि डावीकडे एका माणसाचा बाजूने दिसणारा चेहरा होता. कोर्डाने झावळ्याही छाटल्या आणि तो चेहराही. उरले ते रिकामे आकाश, तारा लावलेली टोपी आणि दूरवर पाहणारे डोळे. आज टी-शर्टांवर, भिंतींवर आणि मोर्च्यांच्या फलकांवर जगभर दिसणारे चित्र ते हेच. छाटला गेलेला तो माणूस कोण, हे या धाग्याच्या अखेरीस पाहू. त्याआधी या कात्रीचा इतिहास पाहायला हवा.

३/२४
छायाचित्र काढल्यावर त्याच्या कडा कापून रचना सुधारणे, म्हणजे आजच्या बोलीत 'क्रॉप' करणे, ही आता बोटाच्या एका हालचालीची गोष्ट आहे. छायाचित्रणाच्या पहिल्या पन्नास वर्षांत मात्र ती इतकी सोपी नव्हती. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये कलोडियनची ओली काच वापरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर रसायन ओतायचे, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्याआधी धुवायची. मग ती काच कागदावर ठेवून उन्हात धरली की तेवढ्याच आकाराचे चित्र उमटे. काच जेवढी, चित्र तेवढे. चित्र मोठे हवे असेल तर कॅमेराच मोठा हवा.

४/२४
म्हणूनच १८६३ मध्ये भारतात आलेला सॅम्युएल बोर्न सुमारे १२ बाय १० इंचांच्या जड काचा हमालांच्या पाठीवर लादून हिमालयात हिंडला. एवढ्या कष्टाने घेतलेल्या चित्राचा अर्धा भाग कापून टाकणे कुणाला परवडणार? त्यामुळे चौकट आधी ठरवायची, तिपाई रोवायची आणि मगच काच भरायची, अशी रीत पडली. काटछाट होई, पण ती बहुधा छापील कागदाच्या खराब कडा सुरीने नीट करून तो पुठ्ठ्यावर चिकटवण्यापुरती, किंवा चेहऱ्याभोवती लंबगोल मुखवटा ठेवून बाकीचा भाग झाकण्यापुरती.

५/२४
तरीही कात्रीचा धाडसी वापर त्या काळातही झाला, आणि तो आपल्या मुंबईत झाला. १८५४ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीच्या आरंभीच्या सभासदांत विल्यम जॉन्सन होता, डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही या संस्थेशी निगडित होते. जॉन्सनचा मुंबईतील जातीजमातींच्या छायाचित्रांचा दोन खंडांचा ग्रंथ लंडनमध्ये १८६३ आणि १८६६ साली निघाला. त्यातील अनेक चित्रांत माणसे एका ठिकाणी टिपलेली आहेत आणि त्यांच्यामागचे दृश्य दुसऱ्याच ठिकाणचे आहे. माणसांच्या आकृती मूळ पार्श्वभूमीपासून वेगळ्या काढून नव्या देखाव्यावर बसवल्या होत्या.

६/२४
जॉन्सनच्या या उद्योगाला त्या काळी कुणी लबाडी म्हटले नसावे, कारण बाहेरच्या उजेडात माणसे आणि इमारती दोन्ही एकाच काचेवर स्वच्छ उतरवणे अवघड होते. परंतु परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. लंडनमध्ये तो ग्रंथ उघडणाऱ्या वाचकाला वाटे की हे लोक असेच, या जागी, या ऐटीत उभे असत. ते प्रत्यक्षात कोणत्या अंगणात, कुणाच्या सांगण्यावरून, कशासमोर उभे राहिले होते, हे सांगणारा पुरावा कात्रीखाली गेला. पुढच्या दीडशे वर्षांत वारंवार उभा राहणारा प्रश्न येथेच दिसतो : चित्र सुबक होते, पण साक्ष तोकडी होते.

७/२४
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन गोष्टी बदलल्या. जिलेटिनच्या कोरड्या काचा आल्या, त्यामुळे हातात धरून वापरण्याजोगे लहान कॅमेरे निघाले. आणि कृत्रिम उजेडावर चालणारा अधिक संवेदनशील ब्रोमाइड कागद आला, त्यामुळे छोट्या निगेटिव्हवरून मोठे चित्र छापणे सुलभ झाले. आता निगेटिव्ह आणि छापील चित्र यांच्यामध्ये एक मोकळी जागा निर्माण झाली. निगेटिव्हचा कोणता भाग मोठा करायचा, हे छापताना ठरवता येऊ लागले. कात्री पुठ्ठ्यावरून निघून प्रकाशाच्या झोतात आली.

८/२४
या संधीचे मोल ज्याने लवकर ओळखले तो न्यूयॉर्कचा आल्फ्रेड स्टिग्लिट्झ. फेब्रुवारी १८९३ मध्ये तो फिफ्थ अॅव्हेन्यूवर हिमवादळात तीन तास उभा राहिला. बर्फ तुडवत येणारी घोड्यांची गाडी हव्या त्या जागी येईपर्यंत तो थांबला आणि हातातल्या कॅमेऱ्याने त्याने ते दृश्य टिपले. त्या काळी हातातला कॅमेरा म्हणजे हौशी लोकांचे खेळणे, असा तिपाईवाल्यांचा समज होता. त्याच्या सहकाऱ्यांनी निगेटिव्ह पाहून ते अस्पष्ट ठरवले. स्टिग्लिट्झने मात्र त्याचा बराच मोठा भाग वगळला, आडव्या दृश्यातून उभे चित्र काढले आणि गाडी, घोडे व चाबूक उगारलेला गाडीवान यांवर सारी नजर आणून ठेवली.

९/२४
१८९७ मध्ये लिहिलेल्या एका लेखात स्टिग्लिट्झने ही रीत उघडपणे मांडली. हातकॅमेऱ्याचे निगेटिव्ह हे त्याच्या दृष्टीने कच्चा माल होते. त्यातला काही भागच पुढे मोठा करायचा, हे घेतानाच गृहीत धरलेले असे. जशीच्या तशी छापलेली चित्रे त्याला फारशी मोलाची वाटत नसत. येथे छायाचित्रणाच्या विचारात एक फाटा फुटला. चित्र नेमके कधी घडते? बटण दाबताना, की अंधाऱ्या खोलीत छापताना? यावर पुढे दोन पक्ष पडले आणि त्यांचा वाद अजून मिटलेला नाही.

१०/२४
१९२५ मध्ये जर्मनीत लायका कॅमेरा विक्रीस आला. ऑस्कर बर्नाकच्या या यंत्रात सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म वापरली जाई आणि प्रत्येक चित्राचा आकार जेमतेम २४ बाय ३६ मिलिमीटर असे, म्हणजे टपाल तिकिटाएवढा. आता चित्र मोठे करून छापण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि मोठे करायचे तर काय ठेवायचे हा प्रश्न प्रत्येक वेळी समोर येणारच. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत एक साधे साधन रुळले. पुठ्ठ्याचे काटकोनी दोन तुकडे छापील चित्रावर सरकवत चौकट शोधायची आणि मेणाच्या लाल पेन्सिलीने कापायच्या रेषा आखायच्या.

११/२४
या लाल रेषांचा अधिकार बहुधा संपादकाकडे असे, छायाचित्रकाराकडे नव्हे. १९३६ मध्ये 'लाइफ' साप्ताहिक सचित्र रूपात सुरू झाले आणि पानांच्या मांडणीसाठी चित्रे कापणे हा रोजचा व्यवहार झाला. स्तंभ अरुंद असेल तर चित्र उभे कापायचे, मथळा मोठा असेल तर आकाश छाटायचे. छायाचित्रकाराने ज्या कोपऱ्यासाठी श्वास रोखून धरला, तो कोपरा जाहिरातीला जागा देऊन मोकळा होई. पुढे १९५४ मध्ये यूजीन स्मिथ याने 'लाइफ' सोडले, त्यामागे आपल्या चित्रमालिकेच्या मांडणीवर आपला हक्क असावा हाच झगडा होता.

१२/२४
याच्या अगदी उलट टोकाला उभा होता फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ. चित्राची भूमिती डोळ्याला कॅमेऱ्याच्या खिडकीतच दिसली पाहिजे, असे त्याचे मत होते. त्या क्षणी जे जुळले नाही ते नंतर कापून जुळत नाही. कापल्याने प्रमाणांचा मूळ मेळच बिघडतो. संपादकांनी आपली चित्रे कापू नयेत यावर तो अडून बसे. त्याच्या चित्रांभोवती पुष्कळदा एक बारीक काळी किनार दिसते. निगेटिव्हभोवतीचा पारदर्शक भागही छापला की अशी किनार उमटते. संपूर्ण निगेटिव्ह छापले आहे, याचे ते जणू प्रमाणपत्रच.

१३/२४
भारताशी या माणसाचा संबंध फार जवळचा आहे. १९४७ मध्ये 'मॅग्नम' या छायाचित्रकारांच्या सहकारी संस्थेच्या स्थापनेत तो होता आणि त्याच वर्षी तो भारतात आला. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत बिर्ला भवनात त्याने महात्मा गांधींची भेट घेतली. तो तेथून निघाल्यानंतर थोड्याच वेळात गांधीजींची हत्या झाली. तो परतला आणि बिर्ला भवनाच्या फाटकापाशी जमावाला ही वार्ता सांगणारे जवाहरलाल नेहरू त्याने टिपले. दिव्याच्या उजेडात अर्धवट अंधुक झालेले ते चित्र आहे. काटेकोर रचनेचा आग्रह धरणारा छायाचित्रकारही इतिहासाच्या धक्क्यापुढे कसा वाकतो, ते त्यात दिसते.

१४/२४
आणि तरीही, त्याचे सर्वांत प्रसिद्ध चित्र कापलेले आहे. पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकामागे १९३२ मध्ये घेतलेले ते चित्र : साचलेल्या पाण्यावरून उडी घेतलेला माणूस, पाण्याला टेकण्याच्या बेतात असलेली त्याची टाच, मागच्या भिंतीवरील फलकावर तशीच उडी घेणारी नर्तिका. कार्तिए-ब्रेसाँने ते लाकडी कुंपणाच्या फटीतून घेतले होते. फट इतकी अरुंद होती की फळीचा काही भाग भिंगासमोर आला आणि चित्राची डावी बाजू झाकली गेली. छापताना ती बाजू काढून टाकावी लागली. 'निर्णायक क्षणा'चे उदाहरण म्हणून आज जे चित्र दाखवले जाते, ते अंधाऱ्या खोलीत पुरे झाले आहे.

१५/२४
यावरून कार्तिए-ब्रेसाँ ढोंगी ठरत नाही. त्याने ही गोष्ट स्वतःच सांगितली होती आणि हा अपवाद आहे हेही. पण नियम आणि अपवाद यांच्या या जोडीतून एक बोध मिळतो. फळीचा तुकडा कापल्याने त्या पाण्याविषयी, त्या माणसाविषयी किंवा १९३२ च्या पॅरिसविषयी काहीही हरवले नाही. काही काटछाटी निरुपद्रवी असतात. प्रत्येक कापलेल्या चित्राकडे संशयाने पाहणे हा भाबडेपणाचाच दुसरा प्रकार होय. कापले की नाही, एवढ्यावर थांबून भागत नाही. कापलेल्या भागात काय होते, हे पाहावे लागते.

१६/२४
अमेरिकी छायाचित्रकार आर्नल्ड न्यूमन याचे १९४६ मधील चित्र याची सौम्य बाजू दाखवते. संगीतकार इगोर स्ट्राविन्स्की पियानोपाशी बसले आहेत. मूळ निगेटिव्हमध्ये खोलीचा पुष्कळ भाग दिसतो. न्यूमनने निर्दयपणे कापत कापत संगीतकाराला डाव्या खालच्या कोपऱ्यात ढकलले आणि पियानोच्या उघड्या झाकणाचा काळा आकार जवळजवळ सर्व चौकटभर पसरू दिला. ते झाकण पाश्चात्त्य स्वरलेखनातील कोमल स्वराच्या चिन्हासारखे दिसते. ज्या मासिकासाठी ते काढले, त्याने ते नाकारले. आज ते विसाव्या शतकातील थोर व्यक्तिचित्रांपैकी एक मानले जाते. येथे कात्रीने सत्य लपवले नाही. छायाचित्रकाराला जे म्हणायचे होते ते तिने म्हटले.

१७/२४
न्यूयॉर्कच्या 'वीजी'चे उदाहरण जरा बोचरे आहे. नोव्हेंबर १९४३ मध्ये ऑपेरा गृहाच्या दारात त्याने दोन धनाढ्य स्त्रियांना टिपले. अंगभर दागिने, पांढरी लोकर, ओठांवर हसू. बाजूला एक फाटक्या वेशातील स्त्री त्यांच्याकडे रोखून पाहते आहे. मूळ चित्रात आजूबाजूला आणखी माणसे आहेत. ती कापली की चौकटीत फक्त श्रीमंती आणि दारिद्र्य समोरासमोर उरतात, आणि चित्राला व्यंगचित्राची धार येते. ती गरीब स्त्री योगायोगाने तेथे आली नव्हती, तिला मुद्दाम आणले होते, असे वीजीच्या सहायकाने पुढे सांगितले. गर्दी छाटल्याने तो बनाव अधिकच नैसर्गिक वाटू लागला.

१८/२४
आता कात्रीची काळी बाजू. १९२६ मध्ये लेनिनग्राडला काढलेल्या एका चित्रात स्टालिनसोबत आन्तिपोव, किरोव आणि श्वेर्निक हे नेते होते. पुढच्या काळात हेच चित्र वेगवेगळ्या प्रकाशनांत छापले गेले आणि दर वेळी माणसे कमी होत गेली. आन्तिपोवला १९३८ मध्ये मृत्युदंड दिला गेला. तो चित्राच्या कडेला उभा होता, चित्रातूनही त्याला जावे लागले. कुठे काटछाट, कुठे ब्रशाचा फटकारा. डेव्हिड किंग यांनी अशी शेकडो चित्रे जमवून १९९७ मध्ये पुस्तक सिद्ध केले. कडेला उभ्या असलेल्या माणसाला नाहीसे करायला ब्रशही लागत नाही, चौकट आत सरकवली की पुरे.

१९/२४
येथेच एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. चित्रात नसलेली वस्तू घालणे किंवा असलेली पुसणे वृत्तछायाचित्रणात गुन्हा मानतात. त्यासाठी नोकऱ्या गेल्या आहेत, पारितोषिके परत घेतली गेली आहेत. काटछाटीला मात्र बहुतेक सर्व वृत्तसंस्थांचे नियम परवानगी देतात. कारण उघड आहे. बटण दाबतानाही छायाचित्रकार काहीतरी वगळतच असतो, छापताना तो आणखी थोडे वगळतो, एवढाच फरक. मधोमध उभा असलेला माणूस पुसला तर ती लबाडी. तोच माणूस कडेला असेल आणि चौकट आत सरकली, तर ती 'रचना'. इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध राहायचे ते याच जागी.

२०/२४
जानेवारी २०२० मध्ये स्वित्झर्लंडच्या दावोस येथे हे लख्खपणे दिसले. हवामानाच्या प्रश्नावर लढणाऱ्या पाच तरुणी एकत्र उभ्या राहिल्या. एका मोठ्या वृत्तसंस्थेने प्रसृत केलेल्या चित्रात चारच दिसल्या. चौघीही युरोपातील गौरवर्णी. डाव्या कडेला उभी असलेली युगांडाची व्हनेसा नकाते कापली गेली होती. मागे दिसणारी इमारत रचनेत अडथळा आणत होती म्हणून चित्र कापले, असा खुलासा झाला. नकातेने विचारले की आपल्याला का वगळले. वृत्तसंस्थेने चित्र बदलले आणि क्षमा मागितली. हेतू निव्वळ रचनेचा होता असे धरले, तरी आफ्रिकेतून आलेली एकमेव प्रतिनिधी चित्रातून गेली, हा परिणाम त्यामुळे बदलत नाही.

२१/२४
मग जुने छायाचित्र पाहताना काय तपासावे? पहिली गोष्ट प्रमाण. ३५ मिलिमीटर फिल्मवरील चित्राच्या बाजू ३ : २ असतात, ४ बाय ५ इंची निगेटिव्हच्या ५ : ४, तर मध्यम आकाराच्या अनेक कॅमेऱ्यांचे चित्र चौरस असते. कॅमेरा ठाऊक असेल आणि छापील चित्राचे प्रमाण निराळे असेल, तर काहीतरी कापले गेले आहे. दुसरी गोष्ट कडा : खांद्यावर ठेवलेला अर्धाच हात, जमिनीवर पडलेली पण धनी नसलेली सावली, चौकटीबाहेर वळलेल्या नजरा. तिसरी गोष्ट तुलना : तेच चित्र दुसऱ्या पुस्तकात, वृत्तपत्रात, संग्रहालयात कसे छापले आहे? शक्य असेल तेथे संपूर्ण फिल्मचा पट पाहावा. एका चित्राच्या आधी आणि नंतर काय घडले, ते त्यात सापडते.

२२/२४
ही दक्षता घरच्या पेटीतल्या चित्रांनाही हवी. जुन्या स्टुडिओतील चित्रे जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेली असत आणि पुठ्ठ्याच्या खालच्या पट्टीवर स्टुडिओचे नाव व गाव छापलेले असे. शाळेच्या, तालमीच्या, नाटक मंडळीच्या समूहचित्राखाली 'बसलेले, डावीकडून' अशी नावांची ओळ असे. मोबाइलवर चित्र घेताना ही पट्टी 'जुनाट' दिसते म्हणून हमखास कापली जाते. दोन पिढ्यांनी त्या चित्रातील माणसे ओळखणारा कुणी उरत नाही आणि ओळखीचा एकमेव धागाही उरलेला नसतो. पुठ्ठ्यासह पुढची बाजू आणि तशीच मागची बाजू, अशी दोन चित्रे घेऊन ठेवावीत. सजवायचे ते तिसऱ्या प्रतीवर.

२३/२४
आता हवानाकडे परत. कोर्डाचे ते चित्र वृत्तपत्राने त्या वेळी छापले नाही. ते त्याच्या स्टुडिओच्या भिंतीवर कित्येक वर्षे टांगलेले राहिले. १९६७ मध्ये मिलानचा प्रकाशक फेल्ट्रिनेली आला आणि कोर्डाने त्याला प्रती मोफत दिल्या. त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला बोलिव्हियात चेची हत्या झाली आणि त्या चित्राची भित्तिपत्रके जगभर पसरली. १९६८ मध्ये आयर्लंडच्या जिम फिट्झपॅट्रिकने त्यावरून लाल-काळे चित्र रेखले. कोर्डाला मानधन म्हणून काही मिळाले नाही. त्याने हक्काची लढाई केली ती २००० साली, ते चित्र मद्याच्या जाहिरातीत वापरले गेले तेव्हा. आणि तडजोडीत मिळालेली रक्कम त्याने क्यूबाच्या वैद्यकीय सेवेला देऊन टाकली.

२४/२४
आणि डाव्या कडेचा तो माणूस? तो होर्खे रिकार्दो मासेत्ती म्हणून ओळखला जातो. चेप्रमाणेच अर्जेंटिनाचा. १९५८ मध्ये सिएरा माएस्त्राच्या डोंगरात जाऊन चे आणि कॅस्ट्रो यांच्या मुलाखती घेणारा पत्रकार, १९५९ मध्ये स्थापन झालेल्या 'प्रेन्सा लातिना' वृत्तसंस्थेचा पहिला संचालक. पुढे चेच्या योजनेनुसार तो बंडखोरांची एक छोटी तुकडी घेऊन उत्तर अर्जेंटिनाच्या जंगलात उतरला. एप्रिल १९६४ मध्ये तो तेथेच नाहीसा झाला. त्याचा देह कधीच सापडला नाही. चेहून तीन वर्षे आधी, चेच्याच वाटेवर. कोर्डाला हे ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने केवळ रचना सुधारली, आणि ती सुधारलीही. झावळ्या आणि तो चेहरा ठेवून ते चित्र जगभर गेले नसते. पण मूळ निगेटिव्ह टिकले, म्हणून मासेत्तीही चेच्या शेजारी उभा असलेला आज दिसतो. चित्र खुशाल कापावे. मूळ मात्र जपून ठेवावे.

(धागा समाप्त)